उलटा वार शिऱ्याला लागतो

‘निवडा पावसात दडलेलं खाणं.’ चार अक्षरं.

हे सूत्र मी घरी, शेजारी आणि डबा खायच्या सुट्टीत ऑफिसातही टाकून पाहिलं. जवळजवळ प्रत्येकाने एकच उत्तर दिलं, तेही लगेच : कांदाभजी. मोजून पाहा, कां-दा-भ-जी, भरली चार. पाऊस म्हटला की भजी, यात चूक कोण काढणार? वर्तमानपत्रातल्या नेहमीच्या शब्दकोड्यात हे उत्तर खपूनही गेलं असतं. एखादा उभा शब्द येऊन आपटेपर्यंत कुणाला शंकाही आली नसती.

उत्तर आहे वडापाव. ‘निवडा पावसात’ हे दोन शब्द बोट ठेवून अक्षरं सुटी करत वाचा : नि, व, डा, पा, व, सा, त. पुढचं एक आणि मागची दोन अक्षरं झाका. तो तिथेच होता. ‘दडलेलं’ असं सांगितलंसुद्धा होतं. पण ‘निवडा’ ही आपल्याला केलेली सूचना आहे असं समजून आपण तो शब्द ओलांडून पुढे गेलो आणि पावसात पोचताच भज्यांच्या वासाने घात केला.

कांदाभजीवाल्याला ‘का?’ असं विचारलं तर तो म्हणतो, ‘पाऊस आहे ना!’ वडापाववाला मात्र कागदावर बोट ठेवून दाखवतो. या बोट ठेवून दाखवण्याला शब्दकोड्यांच्या या पुस्तकात मी ‘उकल’ म्हटलं आहे आणि उत्तरांपेक्षा जास्त पानं तिला दिली आहेत. मागच्या पानावर उत्तरं उलटी छापून मोकळं व्हायची आपल्याकडची पद्धत साध्या कोड्यांना पुरते. ‘कोकणातील एक नदी’ याचं उत्तर ‘सावित्री’ असं कळलं की विषय संपतो. या जातीच्या कोड्यात नुसतं उत्तर कळून काहीच कळलेलं नसतं.

या जातीला इंग्रजीत ‘क्रिप्टिक’ म्हणतात. मराठीत ‘गूढ शब्दकोडं’ म्हणता येईल, पण गूढ म्हटलं की लगेच धूप आणि कवट्या दिसायला लागतात, म्हणून मी क्रिप्टिकच म्हणतो. त्याच्या एका सूत्रात दोन वाटा असतात. एक सरळ अर्थाची : ‘खाणं’. दुसरी अक्षरांच्या करामतीची : ‘निवडा पावसात दडलेलं’. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळाल्या पाहिजेत. अर्थाची वाट बहुतेक वेळा सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मधोमध नसते. दोन वाटांचा सांधा कुठे आहे ते कळू नये म्हणून वरून एक तिसरंच, साधंसं दिसणारं वाक्य पांघरलेलं असतं. कोडेकाराची सगळी हुशारी त्या पांघरुणात असते, आणि सोडवणाऱ्याचं काम ते ओढून काढण्याचं.

हे मला शिकवलं डोंबिवली–व्हीटी फास्टमधल्या एका गृहस्थांनी. तेव्हा मी नोकरीला नवा होतो. खिडकीशी बसून ते इंग्रजी वर्तमानपत्राची चौपदरी घडी करायचे, कोडं वर येईल अशी, आणि खिशातून बोटभर उरलेली पेन्सिल काढायचे. डब्यात त्यांचं नावच पेन्सिलकाका पडलं होतं. एकदा माझं डोकावणं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘फ्लॉवर ऑफ लंडन. सहा अक्षरं. सांगा.’ मी ठाण्यापासून सुरुवात केली. व्हायोलेट, ऑर्किड, सहा अक्षरांची फुलं निघत होती आणि काका नुसती मान हलवत होते. कुर्ला गेल्यावर म्हणाले, ‘अहो, फ्लो होते ती कोण? फ्लोअर. म्हणजे फ्लॉवर. लंडनमध्ये काय वाहतं?’ थेम्स! दादरला उतरणाऱ्यांची गर्दी अंगावर आली तरी मी त्या एका शब्दाकडे बघत राहिलो. फुलाचं स्पेलिंग आणि वाहणारीचं स्पेलिंग एकच, हे मला शाळेपासून माहीत असायला हवं होतं.

पुढे अशा जुन्या युक्त्या बऱ्याच कळल्या. ‘नंबर’ हा शब्द आला की आकडे मोजत बसू नये, ‘नंब’ म्हणजे बधिर, तेव्हा ते बधिर करणारं औषधही असू शकतं. ‘एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ’ एवढंच सूत्र आणि उत्तर ‘वॉटर’, कारण ती अक्षरं ‘एच टू ओ’ आहेत. पण काकांचा खरा धडा वेगळा होता. उत्तर सुचलं की ते पेन्सिलने पुसट लिहायचे. उकल सापडली की मगच वरून पेन फिरायचं. उभे-आडवे शब्द जुळले, घरं भरली, तरी उकल नसेल तर तो शब्द पेन्सिलीतच राहायचा. ‘बरोबर आहे हो, पण अजून आपला झालेला नाही,’ असं त्यांचं म्हणणं.

शब्दकोडं तसं फार जुनं नाही. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत शंकरपाळ्याच्या आकाराचं पहिलं कोडं छापलं. ते अमेरिकेत पसरलं, मग इंग्लंडात गेलं आणि तिथे त्याला वळसे पडायला लागले. ते घालणाऱ्यांत पहिलं मोठं नाव एडवर्ड पॉइस मेदर्स यांचं. १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ते ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचत. टॉर्केमाडा हा स्पेनमधल्या धर्मन्यायासनाचा कुप्रसिद्ध प्रमुख, छळासाठी गाजलेला. सोडवणाऱ्यांबद्दलची भावना नावातच स्पष्ट होती.

या मेदर्स यांची दुसरी ओळख मला बऱ्याच उशिरा झाली आणि मी चकित झालो. बिल्हण या काश्मिरी कवीची ‘चौरपंचाशिका’ इंग्रजीत ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ या नावाने १९१९ साली ज्यांनी नेली, तेच हे गृहस्थ. बिल्हण पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे एका अर्थाने आपल्याच अंगणातल्या दरबारी होता. राजकन्येवर प्रेम केलं म्हणून मरणाची शिक्षा झालेला कवी आठवणींचे पन्नास श्लोक म्हणतो अशी त्या काव्यामागची दंतकथा. तिच्यात रमलेला माणूस काही वर्षांनी रविवारच्या सकाळी हजारो सुशिक्षित इंग्रजांना फासावर लटकवत होता! संस्कृत श्लेषाच्या सहवासाचा त्यांच्या कोड्यांवर परिणाम झाला असेल का, हा प्रश्न मला मोहात पाडतो. पण पुरावा नाही, म्हणून हा शब्द पेन्सिलीतच ठेवतो.

टॉर्केमाडाची कोडी कठीण होती, आणि कधीकधी अन्यायकारकही. १९३९ साली ते गेल्यावर त्यांच्या जागी डी. एस. मॅक्नट आले. हे शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवत. त्यांनीही स्पॅनिश धर्माधिकाऱ्याचंच नाव घेतलं, ‘झिमेनीझ’. पण छळाला त्यांनी कायदा लावला. १९६६च्या त्यांच्या पुस्तकामुळे आणि त्याआधी ‘अफ्रिट’ या नावाने लिहिणाऱ्या रिची यांच्यामुळे एक शिस्त रूढ झाली. सूत्रात एक नेमका अर्थ हवा, एक प्रामाणिक करामत हवी आणि तिसरं काही नको. कोडेकाराने वाचणाऱ्याला खुशाल भलतीकडे न्यावं, पण त्याने लिहिलेले शब्द नीट वाचले तर त्यांतून उत्तरच निघालं पाहिजे. १९७२ साली गादीवर आलेल्या जोनाथन क्राउदर यांनी नाव घेतलं ‘एझेड’. डेझा हाही धर्मन्यायासनाचाच प्रमुख. त्याचं स्पेलिंग उलटं वाचलं की एझेड होतं, आणि शिवाय ए ते झेड सगळी मुळाक्षरंही आली. वारसा सांगायचा तर असा!

बाकीचा इतिहास मी पळवतो. १ फेब्रुवारी १९३०ला लंडनच्या ‘टाइम्स’ने कोडं सुरू केलं. ते रचायला घेतलेल्या एड्रियन बेल यांनी तोवर एकही कोडं सोडवलेलं नव्हतं म्हणतात. १९४२च्या जानेवारीत ‘डेली टेलिग्राफ’ने १२ मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि सोडवणाऱ्यांतल्या काहींना जर्मन सांकेतिक संदेश फोडण्याच्या ब्लेचली पार्कच्या कामावर बोलावणं आलं. ही गोष्ट कोडी सोडवणारे सगळेच सांगतात. घरातल्या कामातून सुटका व्हावी हा तिचा मुख्य उपयोग.

एका कोड्यापाशी मात्र थांबायला हवं. ‘गार्डियन’मध्ये जॉन ग्रॅहम नावाचे धर्मोपदेशक ‘अरॉकॅरिया’ या नावाने पन्नासहून अधिक वर्षं कोडी रचत होते. अरॉकॅरिया म्हणजे ज्याला इंग्रजीत ‘मंकी पझल’ म्हणतात ते झाड. २०१३च्या जानेवारीत त्यांच्या एका कोड्यावर छोटी टीप होती : कोडेकाराला १८ उभा झाला आहे, तो १९मध्ये आहे आणि त्यावर १३, १५ चालू आहे. लोकांनी नेहमीप्रमाणे चहाबरोबर सोडवायला घेतलं आणि घरं भरत गेली : कॅन्सर, अन्ननलिका, आणि दुखणं सुसह्य करण्यापुरते उपचार. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले, ९२ वर्षांचे होऊन. मी ते कोडं नंतर, उत्तर माहीत असताना, मुद्दाम सोडवलं. तरी १८ उभ्याला हात थांबला.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजी क्रिप्टिक भारतात रुळलं आहे. ‘द हिंदू’चं कोडं तर इथलेच कोडेकार रचतात. मराठीत ते का रुजलं नाही, याचं उत्तर ‘आपल्याला ही सवय नाही’ असं देतात, आणि ते मला साफ नामंजूर आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे १६ प्रकार मोजले. त्यांतली ‘समागता’ म्हणजे शब्द एकमेकांना जोडल्यामुळे अर्थ झाकला जातो ती. आपला वडापाव तिच्या कुळातला. ‘वंचिता’ म्हणजे शब्दाचा रूढ अर्थ पुढे करून दुसऱ्याच अर्थाने फसवणारी. लंडनचं फूल तिचं. केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला आणि कौरव रडू लागले, अशा अर्थाचं एक सुभाषित जुन्या शाळांत घालत. केशव ‘के’ आणि ‘शव’ असा फोडला की पाण्यात पडलेलं प्रेत होतं. द्रोण म्हणजे डोमकावळा, त्याला मेजवानी. कौरव म्हणजे कोल्हे, त्यांना पाण्यात शिरता येत नाही म्हणून रडारड. झिमेनीझला हे सूत्र दाखवलं असतं तर त्याने टोपी काढली असती.

व्यासांनी गणपतीचा वेग रोखायला मधूनमधून कूट श्लोक घातले, ते ८,८०० होते, ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा पोथ्यांच्या पुराव्यावर गणपतीची ही कथा मूळ संहितेतून बाहेर काढून परिशिष्टात ठेवली. पंडितांनी उत्तर खोडलं. लोकांनी मात्र ते पक्क्या शाईने लिहून ठेवलं आहे. शिवाय मोरोपंतांचं ओठाला ओठ न लावता म्हणायचं निरोष्ठ रामायण आहे, भारुडं आहेत, गावोगावची हुमानं आहेत. सवय नाही हे कारण टिकत नाही.

खरी अडचण भाषेच्या घडणीत आहे, आणि ती मला कागद फाडून फाडून कळली.

इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो, मराठीत अक्षर. काना-मात्रा-वेलांटी आपापल्या व्यंजनाला धरून असतात, त्यांना सोडवता येत नाही. ‘राग’ हा शब्द ध्वनीने उलटा केला तर ‘गार’ ऐकू येईल. अक्षराने उलटा केला तर ‘गरा’ मिळतो, फणसातला. आमच्या कोड्यात गराच चालतो. त्यामुळे अक्षरांची सरमिसळ करायला इंग्रजीइतकी मुभा नाही. सात-आठ वर्णांचे इंग्रजी शब्द पिसून दुसरे शब्द काढता येतात. मराठीत तीन अक्षरं पिसली तरी बहुतेक वेळा चिखल हाती येतो. म्हणून ‘विकता’ हा शब्द पिसला की ‘कविता’ होते हे ज्या रात्री दिसलं त्या रात्री मी बायकोला उठवलं. (ती ‘बरं’ म्हणून पुन्हा झोपली.) सूत्र असं झालं (कंसातला आकडा अक्षरांचा) : ‘सरळ विकता येईना असं लेखन (३)’. ‘विकता’ सरळ येत नाही, म्हणजे वाकडं येतं. राहिलं ‘असं लेखन’. कुठल्याही प्रकाशकाला हे सूत्र उकलीशिवाय पटतं.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. उलटसुलट सारखं वाचायचं म्हणून आपण लहानपणी ‘चिमा काय कामाची’ म्हणायचो. नीट पाहा : पहिली ‘चि’ ऱ्हस्व आहे, शेवटची ‘ची’ दीर्घ. वाक्य लंगडतं. ‘ती होडी जाडी होती’ मात्र दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले आणि कोडेकाराचं एक घर बसलं. पूर्वी ‘कवि’ हा ‘कविता’च्या पोटात सुखाने राहत होता, आताचा ‘कवी’ तिथे मावत नाही. या पुस्तकात मी असं ठरवलं आहे की, उभा आणि आडवा शब्द जिथे एकमेकांना छेदतात त्या घरात ‘चि’ आणि ‘ची’ यांनी जुळवून घ्यावं, पण उकलीत ही सवलत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी : विभक्ती. इंग्रजी शब्द वाक्यात कुठेही बसवला तरी त्याचा चेहरा सहसा बदलत नाही. आपला ‘घोडा’ जरा हलवला की ‘घोड्याला’, ‘घोड्यावर’. अक्षरं हाताशी धरावीत तर ती रूप बदलतात. सुरुवातीला मी सामान्यरूपाला शिव्या घालत होतो. मग एक दिवस ‘निवडा पावसात’ दिसलं. पाऊस जर पाऊसच राहिला असता तर त्यात ‘पाव’ कुठून आला असता? ‘पावसात’ झाला म्हणून वडा पावाला भेटला. तेव्हापासून सामान्यरूपाशी तह केला आहे. तहाची कलमं अशी : जिथे अक्षरं शोधायची, उलटायची किंवा पिसायची आहेत तिथे ती छापली आहेत तशीच घ्यायची. जिथे एक शब्द दुसऱ्यात कोंबायचा आहे तिथे विभक्ती उतरवून मूळ शब्द धरायचा.

उदाहरण देतो. ‘माडात पहिलं व्यंजन लपवणारं जनावर (३)’. ‘माडात’मधला माड घ्या, त्याच्या पोटात पहिलं व्यंजन ‘क’ ठेवा : माकड. हे सूत्र मी एका मावशींना दिलं. त्या अर्धा तास अडून राहिल्या आणि शेवटी रागावून म्हणाल्या, ‘पानात पहिलं मीठ वाढतात. माडात मीठ घालून कुठलं जनावर होतं?’ त्यांची वाट चुकली होती, पण पांघरूण नेमकं तिथे पडलं होतं जिथे मला हवं होतं. व्यंजन हा शब्द व्याकरणातून उठून ताटात जाऊन बसला होता. अशी दाद कुठल्याही पारितोषिकापेक्षा मोठी.

उलट मराठीजवळ जे आहे ते इंग्रजीजवळ नाही. लिंग घ्या. ‘ती बुडाली तर बुडू दे, ते बुडवू नकोस (२)’ हे सूत्र इंग्रजीत करताच येणार नाही. नाव ती आणि नाव ते, नुसत्या सर्वनामांवर उभी आहेत. संक्षेपांचंही तसंच. इंग्रजी कोडी दिशांच्या आद्याक्षरांवर आणि रोमन आकड्यांवर जगतात. आपल्याकडे सात स्वर आयते एकेका अक्षराचे आहेत. षड्ज म्हटलं की ‘सा’, पंचम म्हटलं की ‘प’. ‘षड्ज लावून पळा! इथे उंदीर अडकतो (३)’ यात ‘सा’ला ‘पळा’ जोडलं की सापळा. लग्नपत्रिका तर खजिनाच : ‘चि.’, ‘सौ.’, ‘श्री.’, आणि नको त्या वेळी ‘कै.’. चि. आणि मणी एकत्र आले की चिमणी. पगडीचं वरचं अक्षर उतरवलं की खाली उरतो गडी. ‘सज्जनाला गाडी मिळाली, व्याज घेऊ लागला (४)’ यात साव आणि कार मिळून काय होतं ते वेगळं सांगायला नको. ही सूत्रं मी रचली म्हणण्यापेक्षा भाषेत पडलेली होती, मी वाकून उचलली.

करामतीच्या खुणा ओळखायची नजर हळूहळू येते. फिरला, परतला, उलटला, शीर्षासन केलं : शब्द मागून वाचा. विस्कटला, बिघडला, भेळ झाली, मिसळ केली : अक्षरं पिसा. गिळलं, कोंडलं, पोटात, मिठीत : एकात एक घाला. डोकं उडालं, शेपूट तुटली : कापा. ‘ऐकलं म्हणे’ ही खूण, म्हणजे उच्चार सारखा आणि लेखन वेगळं, इंग्रजीत रोज भेटते. मराठीत जवळजवळ नाहीच, कारण आपण बरंचसं बोलतो तसं लिहितो. त्या प्रकारावर मी वेळ घालवलेला नाही.

पुस्तकाचं नाव जिच्यावरून घेतलं ती उकलही इथेच सांगून टाकतो. ‘उलटा वार शिऱ्याला लागतो (२)’. वार उलटा : रवा. शिऱ्याला काय लागतो? रवा. सांधा ‘वार’ आणि ‘शिऱ्याला’ यांच्या मधे आहे, आणि ‘लागतो’ हे क्रियापद जखमेतून निघून स्वयंपाकघरात आलं आहे.

सगळंच इतकं सुखाने जुळत नाही. ‘डाव उलटला, तेलात पडला (२)’ हे माझं आवडतं सूत्र होतं. डाव उलटा केला की वडा. वाक्य कसं सहज, बोलण्यातलं. पुस्तक तपासणारे माझे मित्र गणिताचे शिक्षक होते. त्यांनी लाल शाईने लिहिलं : ‘वडा हे नाम. तेलात पडला हे क्रियापदासह वाक्य. समीकरणाच्या दोन बाजू एका जातीच्या नाहीत.’ आम्ही दोन आठवडे भांडलो. त्यांचं बरोबर होतं. म्हणून आत तुम्हाला ‘तेलात पडलेला उलटा डाव’ असं छापलेलं दिसेल. ते नियमाला धरून आहे आणि मेलेलं आहे. ‘तेलात पडलेला’ हा शब्दप्रयोग करून कुणी डावाबद्दल बोलत नाही. ‘शिऱ्याला लागतो’ मात्र त्यांच्या नजरेतून निसटलं; तेही क्रियापदच आहे. मी आपण होऊन दाखवायला गेलो नाही.

कोडेकारांत यावरून दोन तट आहेत. एकाला झिमेनीझचा कायदा अक्षरशः हवा, दुसरा म्हणतो वाचणाऱ्याला मजा आली आणि उत्तर एकच निघालं, मग तक्रार कसली? अरॉकॅरिया दुसऱ्या तटाचे. माझं मन त्यांच्याकडे ओढतं, पण मराठीत हा खेळ अजून रांगतो आहे. सोडवणाऱ्याला आधी भरवसा वाटला पाहिजे की समोरचा फसवेल, पण खोटं बोलणार नाही. म्हणून इथे कायदा पाळला आहे, जिथे मोडला तिथे उकलीत कबुली दिली आहे.

उकली वाचायची पद्धत सोपी आहे. आधी अर्थाचा भाग जाड ठशात. मग करामतीचा भाग, त्यातली खूण तिरप्या ठशात. मग अक्षरांची जोडणी. उत्तर सगळ्यात शेवटी, ओळीच्या टोकाला, तेही हाताने झाकता येईल अशा बेताने. पहिल्यांदा फक्त जाड ठसा बघून थांबा. सूत्राचे दोन तुकडे कुठे पडतात एवढं कळलं तरी निम्म्या वेळा पुढचं आपोआप सुचतं. सुचलं नाही तर खूण बघा. सगळं वाचूनही ‘हे काही पटत नाही’ असं वाटलं, तर ते मला कळवा. गणिताच्या मित्रांच्या वाट्याला काम येईल.

आणि घरं भरताना पेन वापरू नका. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सायमन अँड शुस्टर यांनी शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, तेव्हा प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल बांधून दिली होती. आपणही तसं करू या, असं मी आमच्या प्रकाशकांना सुचवून पाहिलं. त्यांनी पेन्सिलीची घाऊक किंमत, दोरा, बांधणाऱ्याची मजुरी आणि पोस्टाचं वाढीव वजन असा हिशेब एका कागदावर मांडून माझ्यापुढे सरकवला. बेरीज पेन्सिलीने केली होती. तेव्हा पेन्सिल तुमची तुम्ही आणा. बोटभर उरलेली असली तरी चालेल.